एका तारेवर दोन धनी

विजेचा इतिहास सांगू लागले म्हणजे मोठी धरणे, मोठी विद्युतगृहे व मोठे शोधक यांची नावे ओघानेच येतात. घराच्या अंगणात, दुकानाच्या पायरीशी किंवा दवाखान्याच्या मागील बाजूस धडधडणाऱ्या लहानशा जनित्राचा उल्लेख त्यात सहसा आढळत नाही. वस्तुतः सामान्य गृहस्थास वीज उत्पन्न करण्याचे सामर्थ्य मिळाले ते याच यंत्रामुळे. आणि सामर्थ्यासमवेत जी जबाबदारी येते तीही याच यंत्राने त्याच्या दारी आणून ठेविली. ही जबाबदारी स्वतःच्या घरापुरतीच नाही. जनित्र चुकीच्या रीतीने जोडले गेले, तर त्याचा आघात पुष्कळदा त्या घरातील माणसांवर न होता दूर कोठे तरी खांबावर चढलेल्या, त्या घराची ओळखही नसलेल्या एका कामकऱ्यावर होतो. म्हणून जनित्र घराच्या वीजपेटीस कसे जोडावे, हा प्रश्न वरवर कारागिराचा दिसला तरी मुळात तो नागरिकाचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. गोंदिया जिल्ह्याच्या इतिहासात ते दोन वाटांनी आलेले दिसते. एक वाट रुळांची, दुसरी तारांची.

यांपैकी रुळांची वाट आधीची. गोंदियास गावाचे शहर केले ते रेल्वेने. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरमापी मार्ग १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या मुलखातून गेला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो आपल्याकडे घेऊन रुंदमापी केला आणि १८९१ साली आसनसोलपर्यंत नेऊन भिडविला. पुढे १९०३ साली गोंदियाहून नैनपूरकडे सातपुड्यातील अरुंदमापी फाटा निघाला, व काही वर्षांनी दक्षिणेस नागभीडच्या बाजूने दुसरा. धान, लाख, तेंदूपाने, इमारती लाकूड असा माल चहूंकडून येथे उतरू व चढू लागला. आणि ज्या ठिकाणी पूर्वी थोडीशी वस्ती होती तेथे जंक्शन झाले.

जंक्शन झाले म्हणजे एक कठीण प्रश्न उभा राहतो. रूळ एक आणि त्यावर हक्क सांगणाऱ्या गाड्या दोन, अशा वेळी काय करावे? आरंभीच्या काळात याचे उत्तर माणसाच्या स्मरणावर व शब्दावर सोपविलेले असे. स्टेशनमास्तराने तार करावी, पलीकडच्याने होकार द्यावा, सांधेवाल्याने सांधा फिरवावा व गार्डाने शिटी द्यावी, असा तो व्यवहार होता. माणसे प्रामाणिक व दक्ष असत. तरीही चूक होई. इंग्लंडात १८७४ साली नॉर्विच शहराजवळ थॉर्प येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या व पंचविसाच्या आसपास माणसे प्राणांस मुकली. कारण एवढेच की, तारेवरील निरोपाचा घोटाळा होऊन दोन्ही बाजूंच्या गाड्यांस मार्ग मोकळा असल्याचे सांगितले गेले. त्यानंतर चार वर्षांनी एडवर्ड टायर नावाच्या गृहस्थाने एक यंत्र तयार केले. एकेरी मार्गाच्या दोन टोकांच्या स्टेशनांत त्याच्या दोन पेट्या तारेने एकमेकींस जखडलेल्या असत. त्यांपैकी कोणत्याही एका पेटीतून एक चकती बाहेर काढली म्हणजे ती परत आत पडेपर्यंत दोन्हींपैकी कोणतीच पेटी दुसरी चकती देत नसे. आणि चकती हाती पडल्यावाचून चालकाने गाडी पुढे न्यावयाची नाही असा नियम होता. हिंदुस्थानातील एकेरी मार्गांवर याच तत्त्वाची टोकनची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. वेताच्या किंवा लोखंडी कड्यातून टोकन घेऊन धावत्या इंजिनात फेकणारा स्टेशनवरील मनुष्य कित्येक पिढ्यांनी पाहिला आहे.

जंक्शनातील सांधे व सिग्नल यांच्या बाबतीतही असेच घडले. जॉन सॅक्सबी याने १८५६ साली अशी रचना सुचविली की, सांधा व सिग्नल यांचे दांडे एकमेकांत अडकवून ठेवावे. सांधा योग्य बाजूस बसल्याखेरीज सिग्नलचा दांडा हलूच नये. रेल्वेच्या केबिनमध्ये ओळीने उभे असलेले दांडे त्या कल्पनेचीच संतती होत. सांधेवाला झोपेत असो, घाईत असो वा नवखा असो, दोन विरुद्ध आज्ञा एकाच वेळी देणे त्याच्या हातून होऊच शकत नाही. माणसाने चूक करू नये असा उपदेश करण्याऐवजी चूक करणेच अशक्य करावे, हे या शोधाचे मर्म होय. श्रोत्यांनी ते ध्यानात ठेवावे; कारण घरातील जनित्राच्या बाबतीत पुढे तेच उपयोगी पडावयाचे आहे.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. फॅरडे याने १८३१ साली चुंबक व तार यांच्या सापेक्ष गतीतून वीज उत्पन्न होते असे दाखविले. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने, ४ सप्टेंबर १८८२ रोजी, न्यूयॉर्क शहरातील पर्ल स्ट्रीट येथे एडिसनचे विद्युतगृह सुरू झाले आणि सुमारे ४०० दिवे लागले. या विद्युतगृहातील प्रचंड डायनॅमोंस त्या काळी गाजलेल्या एका हत्तीवरून 'जंबो' असे नाव पडले होते. ते सुरू होण्यापूर्वीच्या चाचणीत एक विलक्षण प्रकार घडला. एक डायनॅमो सुरळीत चालत होता. परंतु दुसरा त्याच तारांस जोडताच दोघांत जणू झुंज लागली. एक मंद होऊ लागला की दुसरा बेफाम धावे. मग पहिला उसळी घेई व दुसरा दबे. एक यंत्र दुसऱ्यास वीज देऊन फिरवू लागले, आणि इमारत थरथरू लागली. पाहणारे भयभीत होऊन पळाले. शेवटी दोन्ही इंजिनांचे वेगनियामक एकमेकांस जोडून व पुढे इंजिनेच बदलून एडिसनने मार्ग काढला. विजेच्या व्यवहाराचा पहिलाच दिवस उजाडण्यापूर्वी जगास हा धडा मिळाला होता की, एका तारेवर दोन धनी नांदवावयाचे असतील तर त्यांचा ताल आधी जुळवावा लागतो; तो जुळविता येत नसेल तर एकाने पूर्णपणे बाजूस राहिले पाहिजे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत अशी म्हण मराठीत आहेच.

हिंदुस्थानात वीज आली ती प्रथम मोठ्या शहरांत. दार्जिलिंगास १८९७ साली, कलकत्त्यास १८९९ साली, असा तिचा क्रम आहे. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम धावू लागली व १९१५ साली टाटांच्या खोपोली येथील जलविद्युतगृहातून वीज मिळू लागली. योगायोग असा की, ज्या १९०३ साली गोंदियाहून नैनपूरचा मार्ग सुरू झाला त्याच साली हिंदुस्थानच्या विजेचा कायदा झाला. १९१० साली त्याची जागा अधिक सविस्तर कायद्याने घेतली, आणि तो कायदा २००३ पर्यंत अमलात राहिला. परंतु कायदा झाला म्हणून तार येत नाही. ज्या गावी सार्वजनिक वीज पोहोचलेली नव्हती तेथे ज्यास वीज हवी असेल त्याने स्वतःचे इंजिन बसवावे व स्वतःच्या तारा ओढाव्या, हीच रीत होती.

या काळास 'स्वतःच्या इंजिनाचा काळ' असे नाव देता येईल. रुडॉल्फ डीझेल याचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले. पुढे पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि देशी बनावटीची इंजिने खेड्यापाड्यांत जाऊ लागली. धानाच्या गिरण्या, फिरते सिनेमे, यात्रांतील करमणुकी या सर्वांस इंजिनाचाच आधार असे. फिरत्या सिनेमाचा तंबू गावाबाहेर पडला म्हणजे त्याच्या इंजिनाची धडधड हीच त्याची दवंडी होई. गोंदिया, भंडारा, चांदा हा सारा झाडीपट्टीचा मुलूख नाटकांचा मोठा षोकी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, आणि रात्रभर नाटके चालतात. टेंभे व पलिते गेले, गॅसच्या बत्त्या आल्या; पुढे गॅसच्या बत्त्या गेल्या आणि मांडवामागे जनित्र येऊन बसले. या सर्व व्यवस्थेत एक गोष्ट समान होती. इंजिन ज्याचे, तारही त्याचीच. मांडवाच्या तारा मांडवातच सुरू होत व मांडवातच संपत. काही बिघाड झालाच तर तो त्या कुंपणाच्या आत राही. दूरच्या खांबावरील माणसास त्यापासून भय नव्हते. कारण तो खांबच अद्याप उभा राहिलेला नव्हता.

खांब उभे राहिले ते स्वातंत्र्याच्या आगेमागे. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने नागपूरजवळ खापरखेडा येथे औष्णिक विद्युतगृहाचे काम हाती घेतले. १९४८ साली वीजपुरवठ्याचा कायदा होऊन प्रांतोप्रांती वीजमंडळे स्थापण्याची तरतूद झाली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले व त्याचे वीजमंडळही झाले. या मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन घरोघर वीज पोहोचविण्याचे काम महावितरणकडे आले. दरम्यान १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया हा निराळा जिल्हा झाला. या अर्धशतकात तारा देवरी-सालेकशाच्या जंगलपट्टीपर्यंत गेल्या, धानाच्या बांध्यांवरील पंपांस जोडल्या गेल्या, आणि लोकांस 'लाइन' या एका शब्दाची सवय झाली. लाइन आली, लाइन गेली. वीज सर्वांची, धनी एक, अशी ही दुसरी अवस्था होय.

तिसरी अवस्था लाइन जाण्यातून निर्माण झाली. जपानात होंडा कंपनीने १९६५ साली एका माणसास उचलून नेता येईल असे पेट्रोलवरचे जनित्र बाजारात आणले. भारतात १९८५ साली श्रीराम समूहाशी भागीदारी होऊन रुद्रपूर येथे तशी जनित्रे तयार करणारी कंपनी स्थापन झाली. आणि लवकरच दुकाने, दवाखाने, मंगलकार्यालये येथे ती दिसू लागली. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात विजेचा तुटवडा एवढा वाढला की, ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमनात जाऊ लागले. 'भारनियमन' हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी बसला. ज्यास ऐपत होती त्याने जनित्र घेतले. गोंदिया जिल्ह्यातच तिरोडा येथे २०१२ ते २०१४ या काळात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच, म्हणजे ३३०० मेगावॉटचे विद्युतगृह उभे राहिले. परंतु वादळाने तार तुटली वा रोहित्र जळाले, तर त्या विद्युतगृहाच्या जिल्ह्यातही दिव्याखाली अंधार होतोच. म्हणून भारनियमनाची ती वर्षे मागे पडली तरी जनित्र घरातून गेले नाही.

पहिल्या अवस्थेत यंत्र स्वतःच्या तारांस जोडलेले होते. आता ते अशा तारांस जोडले जाऊ लागले की, ज्यांचे दुसरे टोक सार्वजनिक खांबावर आहे. घरातील दिवे, पंखे व शीतकपाट यांच्या तारा भिंतीत पुरलेल्या असतात. जनित्राकरिता निराळ्या तारा कोण ओढणार? तेव्हा कित्येकांनी एक सोपी युक्ती काढली. दोन्ही टोकांस पिना असलेली दोरी करावयाची. एक टोक जनित्रात, दुसरे भिंतीवरील कोणत्याही खोबणीत खुपसावयाचे. क्षणात सारे घर उजळते. या युक्तीइतकी घातक युक्ती विजेच्या साऱ्या इतिहासात विरळा. तिच्यातील पहिला धोका डोळ्यांस दिसणारा आहे. दोरी भिंतीतून निसटली तर तिच्या उघड्या पिनांत जिवंत वीज असते, आणि त्या प्रथम लहान मुलाच्या हाती लागण्याचा संभव असतो. भिंतीतील तारेस अतिभारापासून राखणारी फ्यूज किंवा एमसीबी या आडवाटेत वगळली जाते, हा दुसरा धोका. तिसरा धोका डोळ्यांस दिसत नाही, व तोच सर्वांत मोठा आहे.

तो धोका समजण्यासाठी रोहित्राचा एक गुण ठाऊक असावा लागतो. खांबावरील डी.पी.त जे रोहित्र बसविलेले असते ते ११,००० व्होल्टांचा दाब उतरवून घरास साजेसा २३० व्होल्टांच्या आसपासचा करते. परंतु रोहित्रास वरची बाजू व खालची बाजू असा भेद कळत नाही. खालून २३० व्होल्ट दिले तर ते तितक्याच निष्ठेने वरच्या तारांत सुमारे दहा हजार व्होल्ट उभे करते. आता अशी कल्पना करावी की, वैशाखातील वादळाने आमगाव वा गोरेगावच्या वाटेवर झाड पडून तार तुटली आहे. वायरमनने डी.पी.वरील फ्यूज उतरविले आहेत, पुरवठा बंद असल्याचे परमिट घेतले आहे आणि तो खांबावर चढला आहे. त्याच्या हिशेबी तार मृत आहे. इतक्यात कोणा घरी परीक्षेचा अभ्यास अडला म्हणून जनित्र सुरू होते. घरातील मुख्य कळ बंद करावयाची राहिलेली असते. वीज भिंतीतून मीटरमध्ये, मीटरमधून सर्व्हिस तारेत आणि तेथून खांबावर जाते.

यावर पुष्कळदा असे उत्तर देण्यात येते की, लहान जनित्र शेजारच्या वीस-पंचवीस घरांचा भार पेलू शकणार नाही. ते आपोआप गुदमरून बंद पडेल. हे कित्येक वेळा खरेही ठरते. परंतु तार घराच्या जवळच तुटली असेल, तर पलीकडचा भार जोडलेलाच राहत नाही. तेव्हा जनित्र गुदमरत नाही आणि पूर्ण दाब तारेत टिकून राहतो. माणूस दगावण्यास दहा हजार व्होल्ट लागत नाहीत. २३० पुरेसे होतात. वायरमनने काम आरंभण्यापूर्वी तार तपासावी व ती जमिनीशी जोडून ठेवावी असा नियम आहे, आणि तो नियम त्याच्या रक्षणासाठीच आहे. तथापि त्याची सावधगिरी म्हणजे आपल्या निष्काळजीपणाचा परवाना नव्हे.

दुसरी विपत्ती वीज परत येते त्या क्षणी ओढवते. प्रत्यावर्ती प्रवाह एका सेकंदात पन्नास आवर्तने पुरी करतो. तिरोड्याच्या विद्युतगृहातील प्रचंड संच मिनिटास ३००० फेरे घेतो, आणि अंगणातील जुन्या धाटणीचे पेट्रोलचे जनित्रही बहुधा मिनिटास तितकेच फेरे घेते. वेग जुळला म्हणून ताल जुळला असे मात्र नव्हे. विद्युतगृहात नवा संच तारेस जोडण्यापूर्वी दाब, वेग व आवर्तनाचा क्षण या तिन्ही गोष्टी उपकरणांनी पाहून मग कळ दाबली जाते. घरच्या जनित्रास असा राखणदार नसतो. सार्वजनिक वीज त्यावर अचानक येऊन आदळली, तर एका बाजूस हजारो मेगावॉट व दुसऱ्या बाजूस दोन किलोवॉट अशी ती झुंज होते. जनित्राच्या तारा जळतात, आस पिळवटतो, आणि जवळच्या पेट्रोलमुळे आगीचेही भय असते. पर्ल स्ट्रीटला निदान दोघे पैलवान समबल होते.

तेव्हा उपाय कोणता? मुख्य कळ बंद करण्याची आठवण ठेवावी, हा उपाय नव्हे. तो थॉर्पच्या तारमास्तरावर भरवसा ठेवण्यासारखा आहे. खरा उपाय केबिनमधील दांड्यांच्या जातीचा आहे. त्यास कारागीर चेंजओव्हर स्विच म्हणतात. या कळीस तीन जागा असतात. एकीकडे महावितरणची वीज, दुसरीकडे जनित्राची, आणि मधली जागा दोन्ही बंद. घराकडे जाणारी तार एकच व तिला स्पर्श करणारी पातीही एकच. ती एका वेळी एकाच बाजूस टेकू शकते. एका बाजूस जाण्यासाठी तिला दुसरी सोडावीच लागते. मध्यरात्री, अंधारात, घाईत, घरातील अजाण माणसाने जरी दांडा फिरविला तरी दोन विजा एकत्र येत नाहीत. टायरच्या पेटीतून दुसरी चकती निघत नसे, तसेच हे.

ही कळ बसविताना काही गोष्टी पाहाव्या लागतात. तिने फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम तोडल्या पाहिजेत. तीन फेजांच्या जोडणीस चारही. न्यूट्रल निरुपद्रवी असते ही समजूत चुकीची आहे. बिघाडाच्या वेळी तीतूनही दाब खांबापर्यंत जाऊ शकतो. कळीची क्षमता घराच्या मुख्य कळीहून कमी नसावी. तिची जागा मीटर व मुख्य कळ यांच्यानंतर आणि घरातील वाटणीच्या पेटीपूर्वी असावी. गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी घराच्या बाजूस असेल तर ती दोन्ही धन्यांच्या राज्यात पहारा करते. मात्र जनित्राचे न्यूट्रल कोठेच जमिनीशी जोडलेले नसेल तर हा पहारेकरी आंधळा होतो. म्हणून जनित्राचे धड व न्यूट्रल यांचे अर्थिंग कसे करावयाचे हे जाणत्या कारागिराने ठरवून दिले पाहिजे. जनित्राची तार घरात घेण्यासाठी भिंतीवर झाकण असलेली कायमची पेटी असावी. पिना त्या पेटीत असाव्या आणि खोबणी जनित्राकडून येणाऱ्या दोरीच्या टोकास असावी, म्हणजे जिवंत पिन उघडी पडण्याचा प्रसंगच येत नाही.

कळ बसली म्हणजे तिचा उपयोगही क्रमाने करावयाचा असतो. लाइन गेली की प्रथम घरातील उपकरणे बंद करावी व कळ मधल्या जागी आणावी. जनित्र उघड्यावर सुरू करून मिनिट-दोन मिनिटे स्थिरावू द्यावे. मग कळ जनित्राकडे फिरवावी व एकेक उपकरण लावावे. मोटर असलेले उपकरण आधी, दिवे मागून. लाइन परत आली की उलट क्रम. उपकरणे बंद, कळ मध्ये, मग महावितरणकडे. आणि जनित्र थोडा वेळ रिकामे चालवून बंद.

भाराचा हिशेबही आधी करावा. चार पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे म्हणजे ३००. आठ एलईडी दिवे प्रत्येकी १० वॉटचे म्हणजे ८०. दूरदर्शनसंच १०० व शीतकपाट २०० धरले तर बेरीज ६८० वॉट होते. दोन केव्हीएचे जनित्र साधारण १६०० वॉट देते. तेव्हा हे त्यास झेपते. परंतु एक अश्वशक्तीचा पंप चालताना हजार वॉटांच्या पुढे जातो आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट ओढतो. त्याकरिता मोठे यंत्र हवे.

जनित्राचा धूर हाही वैरी आहे. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि निजलेल्या माणसास तो उठू देत नाही. म्हणून जनित्र घरात, बंद पडवीत किंवा खिडकीखाली कधीही ठेवू नये. घरापासून वीसएक फूट दूर, उघड्या हवेत, पावसापासून आडोशाला, पण चहूंबाजूंनी वारा खेळेल असे ठेवावे. यंत्र तापलेले असताना त्यात पेट्रोल ओतू नये, हे सांगावयास नकोच.

कायद्यानेही या गोष्टींची दखल घेतली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने घरातील विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घेण्याचे बंधन घातले. पुढे त्यांत आलेल्या ४७-अ या नियमाने असे सांगितले की, ग्राहकास जनित्र बसवावयाचे असेल तर त्याने वीज पुरविणाऱ्यास व विद्युत निरीक्षकास तीस दिवस आधी कळवावे. २०१० साली या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनी घेतली आणि २०२३ साली ते विनियम नव्याने तयार झाले. नियम बदलले तरी त्यामागील हेतू तोच राहिला आहे. तारेस दुसरा धनी मिळाला असेल तर पहिल्यास त्याची खबर असावी.

हा प्रश्न जुना झाला असेही कोणी समजू नये. २०२४ साली केंद्र सरकारने घराच्या छपरावरील सौरविजेची मोठी योजना सुरू केली, आणि आता छपरेही वीज उत्पन्न करू लागली आहेत. ज्या घरी बॅटरीवाचूनची सौरयंत्रणा आहे तेथे भर दुपारी लाइन गेली तरी सौरवीजही बंद पडते, याचे पुष्कळांस नवल व दुःख वाटते. डोक्यावर सूर्य तळपत असता घरात अंधार का? त्याचे कारण खांबावरील माणूस हेच होय. सार्वजनिक तार मेली की छपरावरील यंत्राने क्षणार्धात मुके व्हावे, अशी त्याची घडणच केलेली असते. यंत्र बनविणाऱ्यांनी जी काळजी सौरयंत्रात आधीच भरून ठेविली, ती पेट्रोलच्या जनित्रात भरून ठेवणे शक्य नाही. कारण ते कोणत्या तारेस जोडले जाईल हे त्यांस ठाऊक नसते. ती काळजी घरधन्याने चेंजओव्हरच्या रूपाने भिंतीवर बसवावयाची आहे.

४ मार्च हा दिवस आता देशात लाइनमन दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी सत्कार होतात, भाषणे होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु वादळी रात्री खांबावर चढणाऱ्या माणसास सत्कारापेक्षा एका गोष्टीची खात्री अधिक हवी असते. ती अशी की, आपण ज्या तारेस मृत समजून हात घालीत आहोत ती खालच्या कोणत्याही घरातून जिवंत होणार नाही. ही खात्री त्यास वीजकंपनी एकटी देऊ शकत नाही. ती प्रत्येक जनित्रवाल्या घराने द्यावयाची आहे, आणि तिची किंमत जनित्राच्या किमतीच्या मानाने अगदी अल्प आहे. ज्या घरात जनित्र आहे व अशी कळ नाही, त्या घराने येत्या वादळापूर्वी परवानाधारक कारागिरास बोलावून ती बसवून घ्यावी.